गाठ सापडली, पुढचा हात कुणाचा?

ऑक्टोबर महिना आला की सगळीकडे गुलाबी फिती दिसू लागतात. कॉलेजांत व्याख्यानं होतात, महिला मंडळात डॉक्टरबाई येऊन स्वतःची तपासणी स्वतः कशी करायची ते दाखवून जातात. चांगलंच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी 'स्तन' हा शब्द चारचौघींत उच्चारायची चोरी होती. आमच्या आरे कॉलनीत पाड्यांवरच्या आणि तबेल्यांच्या युनिटांतल्या बायका अजूनही 'छातीला काहीतरी लागतंय' असंच म्हणतात. पण म्हणतात तरी! पूर्वी तेवढंही म्हणत नव्हत्या.

मात्र या सगळ्या गुलाबी गडबडीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. गाठ सापडली, मग पुढे काय? त्या गाठीला सुरी लावणार कोण? त्या डॉक्टरांनी हे काम कुठे आणि किती शिकलंय?

गंमत बघा मैत्रिणींनो. आपण चार वांगी घेताना उलटून पालटून बघतो. ब्लाऊज शिवायला टाकण्याआधी 'तिचा हात कसा आहे गं?' असं शेजारणीला विचारतो. लग्नाचा आचारी ठरवताना त्याने आधी केलेली दोन जेवणं जेवून येतो. पण स्वतःच्या शरीरावरचं ऑपरेशन ठरवताना मात्र 'डॉक्टर म्हणाले ना, मग झालं' एवढ्यावर आपला विषय संपतो. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असंच आपल्या मनावर ठसलेलं आहे.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. नाव सांगत नाही, गावही नाही. वय एक्केचाळीस. आंघोळ करताना गाठ हाताला लागली. ती शहाणी, लगेच जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये गेली. 'साधी गाठ दिसतेय, अर्ध्या तासात काढून टाकू' असं सांगण्यात आलं. ना मॅमोग्राफी, ना सुईची तपासणी. गाठ काढली, टाके घातले, तीन दिवसांत ती घरी आली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट हातात पडला, तो कॅन्सरचा. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर तिथले डॉक्टर विचारू लागले, गाठ केवढी होती? कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या का? कुठली बाजू वर, कुठली खाली? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कागदावर नव्हतं. पुन्हा ऑपरेशन झालं आणि या वेळी पूर्ण स्तन काढावा लागला. पहिल्यापासून सगळं पद्धतशीर झालं असतं तर स्तन वाचला असता का, हे आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्या मनातून तो प्रश्न जात नाही. आज तिची तब्येत चांगली आहे, कामावरही जाते, पण एकटी सापडली की मला हेच विचारते.

अशा वेळी डॉक्टरांना दोन शिव्या घालून आपण मोकळे होतो. मला वाटतं, प्रश्न त्याहून खोल आहे. आपल्याकडे सर्जन कसा तयार होतो ते आधी पाहू या. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग एम.एस. जनरल सर्जरीची तीन वर्षं. या तीन वर्षांत तो अपेंडिक्स शिकतो, हर्निया शिकतो, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, आतड्याचा पीळ, जळालेले, अपघातात सापडलेले रुग्ण असं सगळं शिकतो. त्यातच स्तनाच्या गाठीही येतात. तालुक्याच्या गावी मध्यरात्री पोट फुगलेला माणूस आला तर त्याला वाचवणारा हाच सर्जन असतो. त्याची थोरवी मी कशी नाकारेन? पण जो सगळं करतो, त्याच्या वाट्याला वर्षभरात स्तनाच्या कॅन्सरच्या कितीशा शस्त्रक्रिया येणार?

त्यापुढे आणखी तीन वर्षं शिकून एम.सीएच. म्हणजे कर्करोग शस्त्रक्रियेतला तज्ज्ञ होता येतं. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही एकदाही न अडखळता. त्या एम.सीएच.मध्येसुद्धा तोंडाचा, जठराचा, गर्भाशयाचा, स्तनाचा असे सगळे कॅन्सर येतात. केवळ स्तनाच्या आजारांवर लक्ष देणारं शिक्षण त्याच्याही पुढचं.

एका अवयवासाठी एवढं वेगळं शिकायचं तरी काय असतं, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉलस्टेड नावाचे मोठे सर्जन होते. त्यांनी पद्धत घालून दिली की स्तनाचा कॅन्सर म्हणजे पूर्ण स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं काढून टाकायचं. जेवढं जास्त कापाल तेवढं बरं, हा तेव्हाचा समज. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या बायका ते सोसत राहिल्या. छातीच्या फासळ्या दिसायच्या, हात सुजून खांबासारखा व्हायचा. मग १९७०च्या दशकात इटलीत मिलानचे उंबर्टो व्हेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर यांनी रीतसर अभ्यास केले. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन म्हणजे शेक दिले. वीस वर्षं त्या स्त्रियांकडे लक्ष ठेवलं. २००२ साली दोन्ही अभ्यासांचे निकाल प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे स्त्रिया सारख्याच जगल्या! सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरला, योग्य रुग्ण निवडली आणि पुढचे शेक दिले, तर पूर्ण स्तन काढण्याची गरज नाही, हे पक्कं झालं.

पण 'थोडंच काढायचं' हे 'सगळं काढायचं' याच्यापेक्षा अवघड असतं, बरं का. बटाट्याचा खराब भाग काढून चांगला ठेवायला नजर लागते, फेकून द्यायला काय लागतं? गाठीभोवती किती जागा सोडायची, चीर कुठे आणि कोणत्या दिशेने घ्यायची, काढलेल्या तुकड्याला खुणेचे दोरे कसे बांधायचे, म्हणजे तपासणाऱ्याला वर-खाली कळेल, हे सगळं शिकावं लागतं. मोठी गाठ असेल तर आधी केमोथेरपी देऊन ती लहान करायची आणि मग स्तन वाचवायचा, हा निर्णयही त्यातलाच. पोकळी राहिली तर स्तनातलाच भाग सरकवून किंवा पाठीचा स्नायू पुढे वळवून आकार राखायचा, यालाच ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया म्हणतात. यात कॅन्सर सर्जनचं आणि प्लास्टिक सर्जनचं असं दोघांचंही कसब एका हातात यावं लागतं.

काखेचंही तसंच. पूर्वी काखेतल्या सगळ्याच गाठी सरसकट काढत. त्याने पुढे हाताला सूज येते. ज्या बाईला धुणं-भांडी करायचीत, गवताचे भारे उचलायचेत, डोक्यावर हंडा धरायचाय, तिला ही सूज म्हणजे जन्माचा जाच. आता आधी थोड्या गाठी काढून तपासतात, त्यांत कॅन्सर नसेल तर बाकीच्या राहू देतात. या तपासणीसाठी परदेशात किरणोत्सारी औषध आणि त्याचं यंत्र वापरतात, ते आपल्याकडे ठिकठिकाणी कुठून येणार? आपल्या परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. वाणी परमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काखेच्या खालच्या ठरावीक भागातल्या गाठी काढून तपासण्याची साधी पद्धत अभ्यासली. तिला महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो शिकलेला हात.

टाटाचंच आणखी एक उदाहरण. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ रुग्णालयांत सुमारे १६०० स्त्रियांवर एक अभ्यास केला. ऑपरेशनच्या आधी काही मिनिटं गाठीच्या भोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसलं बधिर करायचं औषध टोचायचं, बस्स! २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ज्यांना इंजेक्शन दिलं नव्हतं त्यांच्यात ८६ टक्के, आणि ज्यांना दिलं होतं त्यांच्यात ९० टक्के. औषध अगदी स्वस्त, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. पण ते नेमकं केव्हा, कुठे द्यायचं हे सर्जनपर्यंत पोहोचायला हवं ना? नवं ज्ञान परळहून परभणीला पोहोचतं कसं? प्रशिक्षणातूनच.

तज्ज्ञ हात आणि साधा हात यांनी खरंच एवढा फरक पडतो का? याचा हिशोब स्कॉटलंडने मांडलेला आहे. तिथल्या पश्चिम भागातल्या ३७८६ स्त्रियांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या आजारांत विशेष लक्ष घालणाऱ्या सर्जनकडे ज्यांचे उपचार झाले, त्यांच्यात पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण नऊ टक्क्यांनी जास्त निघालं. गाठीचा आकार, वय, गरिबी-श्रीमंती हे सगळं जमेला धरूनही फरक उरलाच. पुढे ग्लासगोत सर्जन, शेक देणारे, केमो देणारे, पॅथॉलॉजिस्ट आणि नर्स यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करायची पद्धत सुरू केली. २०१२ साली त्याचे आकडे आले. त्या भागात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे या एकत्र बैठकीला 'ट्यूमर बोर्ड' म्हणतात.

मग भारतात काय स्थिती? अंधार आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत सर्जरी शिकल्यावर वर्षभराची केवळ स्तनाची वेगळी फेलोशिप असते. तशा वाटा आता आपल्याकडेही निघाल्या आहेत. टाटा रुग्णालयात स्तनांच्या विभागात पुढचं प्रशिक्षण मिळतं. दिल्लीच्या एम्समध्ये स्तन आणि थायरॉइडसारख्या ग्रंथी यांच्या शस्त्रक्रियांचा एकत्र एम.सीएच. अभ्यासक्रम आहे. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनने इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या साथीने ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया शिकवण्याची सोय उभी केली. स्तनांच्या सर्जनांची देशपातळीवर संघटनाही आहे. हे सगळं स्वागतार्हच. पण हिशोब मांडा. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि ९८ हजारांहून अधिक दगावल्या. आणि हे शिकलेले हात राहतात मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबादला.

आम्ही आरेवाले त्यातल्या त्यात नशीबवान. गोरेगावहून लोकल धरायची, दादरला गाडी बदलायची की परळ. तरी पाड्यावरच्या बाईला तेवढंही जड जातं, कारण एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी गेली. मग गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, हिंगोलीच्या बाईने काय करायचं? परळच्या फुटपाथवर रिपोर्टची पिशवी उशाला घेऊन झोपलेली कुटुंबं पाहिली की पोटात कालवतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा लोकांना आसरा देते, पण धर्मशाळा तरी किती पुरणार?

दुसरी एक गोष्ट इथे जोडून बघायला हवी. २०१६ साली केंद्र सरकारने ठरवलं की तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, गर्भाशयमुख आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची. स्तनाची तपासणी हाताने, आरोग्य केंद्रातच. याला भक्कम आधार मुंबईचाच आहे. १९९८ साली डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने टाटाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका होत्या. दोन दोन वर्षांनी घरच्या बायकांसारख्या त्या वस्तीत जायच्या, हाताने तपासायच्या. वीस वर्षांनंतर, २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मला या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तुमच्या-आमच्यासारख्या बायकांच्या हातांना नीट शिकवलं तर ते हात जीव वाचवू शकतात. आरोग्य सेविकेच्या बाबतीत हे पटतं, तर सर्जनच्या बाबतीत का पटू नये? आणि सेविकेने गाठ शोधून दिली, पण पुढे ती चुकीच्या पद्धतीने कापली गेली, तर त्या शोधाचा उपयोग काय? नळ बसवला आणि पाइपच जोडला नाही, असं होईल.

यावर काही जण म्हणतील, 'बाई, जिल्ह्याला साधा भूलतज्ज्ञ मिळत नाही, तुम्ही स्तनांचे स्पेशालिस्ट मागता!' आक्षेप खोटा नाही. शिवाय फार शिकलेला डॉक्टर शहराकडेच पळतो, हेही आपण बघतोच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की दोन पातळ्यांवर काम व्हावं. प्रत्येक महसुली विभागात किमान एका सरकारी रुग्णालयात पूर्ण शिकलेला स्तनशल्यचिकित्सक आणि त्याच्याभोवतीचा चमू हवा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी हे होऊ शकतं. आणि जिल्हा रुग्णालयातल्या जनरल सर्जनला काही महिन्यांचं नेमकं प्रशिक्षण द्यावं. कधी कापायचं, कधी कापायचं नाही आणि कधी वेळ न घालवता पुढे पाठवायचं, एवढं जरी पक्कं झालं तरी निम्मं काम होईल. २०१२ पासून टाटाच्या पुढाकाराने देशातली कॅन्सर रुग्णालयं नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली गेली आहेत. तिच्या आधाराने जिल्ह्याचा सर्जन तज्ज्ञांचा सल्ला घेऊ शकतो. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद चोख ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीला जमतं ते बाकीच्यांना का जमू नये?

आणखी एक. स्तनाचा आजार म्हणजे फक्त कॅन्सर नव्हे. बहुतेक गाठी साध्याच असतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. तरुण मुलींच्या हाताखाली सरकणाऱ्या गाठी पुष्कळदा नुसत्या लक्ष ठेवून चालतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला गळू झालं तर लगेच मोठी चीर द्यायलाच हवी असं नाही, अनेकदा सोनोग्राफीत बघून सुईने पू काढता येतो आणि बाळाचं दूधही तुटत नाही. म्हणजे शिकलेला सर्जन नेमकं कापतो तसा नको तिथे कापायचंही टाळतो.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. गाठ लागली तर आधी तीन गोष्टी व्हायला हव्यात: डॉक्टरांची हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शंका असेल तर जाड सुईची म्हणजे ट्रूकट बायोप्सी. 'सुई लागली की कॅन्सर पसरतो' हे डोक्यातून काढून टाका, सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. शंकेची गाठ निदान न करता कापू देऊ नका. ऑपरेशन सांगितलं की न लाजता चार प्रश्न विचारा. डॉक्टरसाहेब, अशी ऑपरेशनं आपण वर्षाला किती करता? माझा स्तन वाचू शकेल का, नसेल तर का नाही? काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की थोड्या तपासून ठरवणार? माझी केस शेकवाल्या आणि केमोवाल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठरवणार का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. रागावलाच, तर दुसरं मत घ्यायला काही दिवस लागले म्हणून आभाळ कोसळत नाही, मात्र महिनोन् महिने घालवू नका. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात, रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि प्रत्येक कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, काचेच्या पट्ट्या आणि मेणाचे ठोकळेसुद्धा मागून घेऊन जपून ठेवा. मोठ्या रुग्णालयात तेच पहिल्यांदा मागतात.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणं. 'आता या वयात कशाला हवाय तो' असं बायकोच्या वतीने पटकन ठरवून टाकू नका. काही जणी पूर्ण काढणंच पसंत करतील, काहींना दुसरा मार्गच नसेल. पण निर्णय तिचा, आणि तो सगळं समजल्यावरचा असू दे.

पुढच्या ऑक्टोबरात तुमच्या गावात गुलाबी फितीचा कार्यक्रम होईल तेव्हा व्यासपीठावर आमदार, नगराध्यक्ष, जिल्हा शल्यचिकित्सक कुणी ना कुणी असतीलच. टाळ्या वाजवून झाल्या की एकीने तरी उठून विचारा, 'साहेब, आमच्या जिल्ह्यात स्तनांच्या शस्त्रक्रिया शिकलेले सर्जन किती आहेत?' आम्ही आरेतल्या बायका आमच्या वॉर्डात हा प्रश्न लेखी विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.